नालबंदबाईनं रंग बंद केला

नालबंदबाई हे काही तिचं नाव नव्हे, पण खरं नाव विचारलं तर निम्मं गाव डोकं खाजवेल. बापाचा घोड्यांना नाल ठोकायचा धंदा होता. बाप थकला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता दुकानाला कुलूप. पोरगा ट्रकांच्या नादी लागलेला, आणि पोरगी काय, आज ना उद्या लग्न करून जायचीच. पोरगी गेली नाही. तिनं बापाचा चामडी एप्रन कमरेला बांधला आणि लाथाड्या म्हणून बदनाम असलेल्या एका घोड्याचा मागचा पाय उचलून मांडीवर घेतला. घोड्यानं तिला भिंतीवर फेकलं. तिनं उठून तोच पाय पुन्हा उचलला. हे किती वेळ चाललं ते त्या दोघांनाच ठाऊक, पण शेवटी कंटाळला तो घोडा. तेव्हापासून ती नालबंदबाई.

आता तिचे केस पिकलेत, गुडघे कुरकुरतात, आवाज मात्र अजूनही भात्याला मागे टाकतो. तिच्या बोटांबद्दल गावात कुणी बोलत नसे. नाल ठोकणाऱ्याचे हात काळे असायचेच, पण तिचे हात मनगटापर्यंत असे काळे होते की कुठल्या साबणाला दाद देत नसत. तो काळा रंग लोखंडाचा नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच कुणी विषय काढत नसे.

गाव डोंगराच्या अंगावर वसलेलं. गल्ल्या इतक्या उभ्या की वरच्या घराचा उंबरा खालच्या घराच्या छपराला लागतो. अशा चढावर माल वाहायला तिथल्या लोकांनी पिढ्यानपिढ्या एक घोडा पोसला. त्याला म्हणायचं चढावी. बुटका, आखूड मानेचा, अंगानं उंदरासारखा करडा आणि चारी पाय गुडघ्यापर्यंत काळेकुट्ट. दिसायला यथातथाच, त्याचं चित्र काढलं तर लोक विचारतील, हे गाढव का? पण भरल्या गाडीसकट चढाच्या मध्यावर थांबेल, दम खाईल, आणि बोटभरही मागे न सरकता पुन्हा चालू लागेल. दुसऱ्या घोड्याला हे जमत नाही. दुसरा एकदा थांबला की गाडीसकट खाली येतो.

मग डोंगराला वळसा घालून डांबरी रस्ता आला, रस्त्यावरून ट्रक आले आणि चढाव्यांचे दिवस भरले. गाडीवाले घोडे विकायला काढू लागले तेव्हा नालबंदबाईच्या बापानं गावातले चार म्हातारे जमवून संघ काढला. जात टिकली पाहिजे, असं ठरलं. इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण टिकवायची म्हणजे शुद्ध ठेवायची, हे कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं देव जाणे. नियम झाला: चढाव्याचे पाय काळे म्हणजे काळेच. पायाला पांढरं दिसलं की जनावर बाद. पास झालेल्याच्या तोंडावरच्या म्होरकीला पितळी बिल्ला, आणि बिल्ला नसलेल्या घोडीला संघाच्या घोड्याकडे प्रवेश नाही.

आता गंमत अशी की चढाव्याच्या पोटी पांढऱ्या पायाचं शिंगरू अधूनमधून होतंच. आधीही होत होतं. तेव्हा लोक म्हणायचे, 'मोजा घालून आलाय', आणि हसून गाडीला जुंपायचे. नियमानंतर ते हसणं संपलं. मोजेवाल्यांना डोंगराखालच्या बाजारात विकायचं आणि तिथं त्यांचं काय होतं ते विचारायचं नाही, अशी रीत पडली. ज्याला विकवत नसे तो मालक वार्षिक पाहणीच्या आधी हळूच नालबंदाच्या दुकानात यायचा.

कारण रंग नालबंदाकडे मिळायचा. तोही बापानंच शोधलेला. अक्रोडाच्या हिरव्या साली कुजवायच्या, त्यात गंजक्या नालांचं पाणी घालायचं आणि घट्ट होईतो आटवायचं. ब्रशनं केसांच्या मुळापर्यंत लावला की पावसानं जात नाही, घासून जात नाही. हिवाळ्याचे केस गळून नवे आले की मात्र पांढरं पुन्हा उघडं पडतं, म्हणून दर पाहणीच्या तोंडावर नव्यानं लावायचा. ज्यानं नियम केला त्यानंच पळवाट काढली आणि पळवाटेवर लेकीला राखणीला बसवलं. बाप गेल्यावर ब्रश तिच्या हाती राहिला. कुणाच्या घोडीला किती पांढरं आहे, हे गावात तिला एकटीला ठाऊक होतं.

सगळ्यात मोठं गुपित थोरल्याचं. थोरला म्हणजे संघाचा बिजाचा घोडा, एकुलता एक. अस्सल चढावी कसा असतो हे पाहुण्याला दाखवायचं तर थोरल्याकडे बोट दाखवायचं. त्या थोरल्याच्या मागच्या डाव्या पायाला खुरापासून वीतभर लख्ख पांढरा मोजा होता. तो जन्मला नालबंदाच्याच तबेल्यात. शिंगरू धड वाळलंही नव्हतं तेव्हा बापानं तो पाय पाहिला आणि लेकीला म्हणाला, "ब्रश आण." हे जाणणारी आता दोनच माणसं उरली होती, नालबंदबाई आणि तिचा दादा. दादा संघाचा अध्यक्ष. ज्याच्या ट्रकांनी घोडे बेकार केले तोच घोडे वाचवायच्या संघाचा अध्यक्ष, हा विनोद अख्ख्या गावाला कळत होता, दादा सोडून.

भंगार लोखंड आणायला नालबंदबाई डोंगराखाली जायची. एकदा तिथल्या भंगारवाल्याच्या गाडीला तिनं एक घोडी जुंपलेली पाहिली. मळलेली, बरगड्या वर आलेली, मागचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत पांढरे. गाडी पुलाच्या चढावर होती. घोडी मध्यावर थांबली, दम खाल्ला, आणि गाडी बोटभरही मागे येऊ न देता पुन्हा चालू लागली. नालबंदबाई भर रस्त्यात उभी राहिली. मागून येणारा सायकलवाला शिव्या घालून गेला, त्या तिला ऐकूही आल्या नाहीत.

"ही कुठून आणलीस?" तिनं भंगारवाल्याला विचारलं.

"हिची आजी तुमच्याच डोंगरावरची," तो म्हणाला. "पांढऱ्या पायाची म्हणून हाकललेली. माझ्या बापानं कसायाच्या दारातून वळवून आणली, आणि पुढं घोडेही तुमच्याकडून तसेच हाकललेले दाखवले. का हो, परत पाहिजे का?"

"परत पाहिजे," ती म्हणाली.

लोखंड खालीच राहिलं आणि घोडी वर आली. जनावरांची डॉक्टर, शहरातून फेरीवर येणारी एक तरुण मुलगी, तिनं घोडीचे केस तपासायला नेले. गावातल्या बाकी सगळ्या घोड्यांचे तिनं आधीच नेले होते. निकाल घेऊन ती दुकानात आली आणि उलट्या बादलीवर बसून चहा पीत म्हणाली, "आत्या, ही पक्की चढावी. आणि थोरल्याच्या नात्यातली नाही. गावातल्या बाकीच्या बघाल तर त्याच्या लेकी नाहीतर नाती. म्हणून तर शिंगरं अशक्त निघतात, घोड्या गाभण राहत नाहीत. बाहेरच्या दोनच. ही एक आणि दुसरी गाडीवाल्या मामांची."

"मामांची तर बाद केलेली आहे."

"तेच तर. तिच्या आईलाही तुम्ही बाद केलं होतं, म्हणून मामांनी आपल्याच घरच्या घोड्याला दाखवली. तो घोडा आता मेला. ज्यांना तुम्ही बाहेर ठेवलंत त्यांच्यातच नवं रक्त उरलंय."

"आणि थोरला?"

"म्हातारा झालाय, आत्या. यंदा जमलं तर जमलं. पुढच्या वर्षाचा शब्द मी देणार नाही."

डॉक्टर गेली आणि नालबंदबाईला स्वतःचीच चीड आली. इतकी वर्षं ती समजत होती की आपण रंग लावून घोडे वाचवतो. ज्यांचं पांढरं ब्रशखाली झाकत होतं ते वाचले, हे खरं. पण ज्यांचं पोटापर्यंत चढलेलं होतं, तोंडावर उतरलेलं होतं, ते गेले खाली. आणि वर राहिलेले सगळे काळे दिसायचे, म्हणून नियम बरोबर ठरायचा: बघा, आमचा चढावी काळ्याच पायाचा. नियम बापानं केला असेल, पण तो उभा होता तिच्या ब्रशवर.

मामांची कथा इथंच सांगून टाकतो. गाडीवाले मामा म्हणजे अजूनही पोटासाठी घोडागाडी हाकणारा गावातला शेवटचा माणूस. आदल्या वर्षी एक नाल सैल बसला म्हणून त्यांचं नालबंदबाईशी वाजलं, आणि रुसून त्यांनी तिच्या रंगाऐवजी घोडीच्या पायाला बुटाचं पॉलिश फासलं. पाहणीला दादानं त्या पायावरून हात फिरवला आणि तोच हात आपल्या पांढऱ्या विजारीला पुसला. पुढचं सांगायला नको. मामांनी घोडी विकली नाही. उलट तेव्हापासून दादाच्या दारावरून जाताना गाडी मुद्दाम थांबवायचे आणि घोडीनं शेण टाकेपर्यंत हलायचे नाहीत.

भंगारवाल्याच्या घोडीची बातमी दादाला लागली तसा तो दुकानात आला आणि विजारीला काही लागू नये म्हणून दारातच उभा राहिला. बहीण त्याच्याहून डोकंभर उंच, तरी तो तिला लहानपणापासून चिमी म्हणायचा. बाकी कुणाची तशी छाती नव्हती.

"चिमे, घोडी चांगली आहे," तो म्हणाला. "रंग लाव आणि पाहणीला आण. मी फार खोलात बघणार नाही. बिल्ला देतो, थोरल्याकडे पाठवतो. झालं."

"रंग लावणार नाही."

"का बरं?"

"हिचं शिंगरू मोजेवालंच व्हायचं. मग त्याला रंग, मग त्याच्या शिंगराला रंग. मी मेल्यावर कोण लावणार, तू?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"दादा, नियम बदल."

"आणि लोकांना काय सांगू? तुमची जनावरं उगीच विकायला लावली, चूक झाली, असं?" दादानं मान हलवली. "ते जमायचं नाही. बरं, थोरल्याचे केस गळायला लागलेत. त्याचा पाय तेवढा करून जा."

"तोही करणार नाही. यंदा रंग बंद."

दादाचा चेहरा आधी उतरला आणि मग लाल झाला. "शहाणपणा करू नकोस. थोरल्याचा बिल्ला काढायची वेळ आली तर तो कुठं येईल, माहीत आहे ना? संघाचं जनावर बाद झालं की ज्या तबेल्यात जन्मलं तिथं परत. बाबांचाच नियम. बिनदाताचा म्हातारा घोडा तुझ्या दारात आणून बांधीन, आणि संघ त्याला गवताची काडी घालणार नाही."

खुरावर चाललेली तिची कानस थांबली. "बांध," ती म्हणाली.

दादानं धमकी दिली होती. ती मात्र रात्री जेवताना, भांडी घासताना त्या धमकीचाच विचार करत होती आणि तिला काही केल्या भीती वाटेना. यंदाच्या हंगामात थोरला तिच्या घोडीजवळ यायला हवा होता, एवढंच. तो बिल्ल्यासकट आला काय आणि बिल्ल्याविना आला काय, घोडीला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

पाहणी जवळ आली तशी माणसं नेहमीसारखी रिकामे डबे घेऊन दुकानाच्या मागच्या दारानं येऊ लागली. तिनं सगळ्यांना पुढच्या दारात आणलं आणि त्यांच्यादेखत रंगाचं भांडं गटारात ओतलं. गटार खालच्या चौकापर्यंत काळं वाहिलं. गाव खवळलं. कुणी म्हणालं बाईचं डोकं फिरलं, कुणी म्हणालं भाव वाढवायचा डाव आहे. आम्ही नाल दुसरीकडे ठोकून घेऊ, अशीही दमदाटी झाली.

"घ्या की," ती म्हणाली. "डोंगर उतरून जा. खाली नालबंद नाही, टायरवाला आहे. तो हवा भरून देईल."

शेवटी मामा आले. वर्षभराचा रुसवा गिळायला त्यांना जड गेलं असणार. टोपी हातात धरून उभे राहिले. "झालं गेलं सोड," ते म्हणाले. "यंदा तुझाच रंग दे."

"मामा, यंदा कुणालाच नाही. तुम्ही तिला तशीच आणा."

"तशीच आणू? आणि ती पुन्हा बाद झाली म्हणजे? थोरला गेला की माझ्या घोडीमागं कुणी उरत नाही, हे त्या डॉक्टर पोरीनं मलाही सांगितलंय. तुझी अक्कल तुझ्यापाशी ठेव, मला डबा भरून दे."

मामा टोपी डोक्यावर चढवून गेले आणि ती त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. आपण बरोबर वागतोय याची तिला खात्री होती, पण त्याची किंमत मामांनी मोजायची, हे तिला पटत नव्हतं. मामा तडक वाण्याकडे गेले, हे तिला दिसलं. पॉलिश तिथंच मिळायचं.

पाहणी संघाच्या फरसबंद अंगणात व्हायची. अध्यक्ष खुर्चीवर, मालक आपापली जनावरं धरून भिंतीलगत, आणि नालबंदानं एकेका जनावराचा पाय उचलून अध्यक्षांपुढं धरायचा. पहिला मान थोरल्याचा. बाकीच्यांना त्याच्याशी ताडून बघायचं, अशी पद्धत. थोरला डुलत डुलत आला, आणि त्याच्या मागच्या डाव्या पायाला गुडघ्यापर्यंत पट्टी गुंडाळलेली होती.

"पाय मुरगळलाय," कुणी काही विचारायच्या आत दादा मोठ्यांदा म्हणाला.

"मुरगळलाय तर नालबंदाला बोलवायचं होतं," नालबंदबाई म्हणाली आणि गुडघे कुरकुरवत खाली बसली.

"चिमे," दादा अगदी हळू म्हणाला.

ती थांबली. दादानं तिला असं शेवटचं कधी हाक मारली होती ते तिला आठवलं. बाबा गेले त्या दिवशी. तिला त्याची दया आली, भावाची येते तशी पोटातून आली. त्या क्षणी हातात ब्रश असता तर तिनं लावलाही असता, हे ती स्वतःच नंतर सांगायची. पण फाटकाशी तिची घोडी उभी होती, उन्हात दोन्ही पाय पांढरे घेऊन, कुणाच्या बापाची भीडभाड न ठेवता शेपटीनं माश्या वारत. नालबंदबाईनं गाठ सोडली आणि पट्टी ओढून काढली.

सगळ्या अंगणानं तो पाय पाहिला. कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. थोरल्यानं मोकळा झालेला पाय दोनदा फरशीवर आपटला.

दादा उठला. तो हेकट होता, पण लबाडी अंगावर आल्यावर वर आणखी लबाडी करणाऱ्यांतला नव्हता. त्यानं थोरल्याच्या म्होरकीचा बिल्ला काढला. "नियम म्हणजे नियम," तो म्हणाला. "मी कुणाला सूट दिलेली नाही. थोरला बाद."

"अहो अध्यक्ष, एकच तर घोडा आहे," भिंतीकडून कुणी तरी म्हणालं.

"बाद म्हणजे बाद. जन्मला त्या तबेल्यात परत." दादानं दोर बहिणीच्या हातात दिला. देताना तिच्याकडे न बघता पुटपुटला, "खुराक भिजवून घालत जा. दाढा गेल्यात त्याच्या." त्यानं घोडा रागानं दिला की जाणूनबुजून दिला, हे तिनं त्याला पुढं कधीच विचारलं नाही.

तिनं एका हातात थोरल्याचा दोर धरला, दुसऱ्यात घोडीचा, आणि ती निघाली. संघाचा चिटणीस वाटेत आडवा आला. तो तावातावानं म्हणाला, "घोड्याला बिल्ला नाही, घोडीला बिल्ला नाही. उद्या त्यांच्या शिंगराला चढावी म्हणणार कोण?"

"चढ म्हणेल," ती म्हणाली. "गाडी जुंपा, मध्यावर थांबवा. मागे सरकला नाही तर चढावी. सरकला तर तुमचा बिल्ला लावा आणि मिरवा."

चिटणीस बाजूला झाला. ती फाटकाबाहेर पडली तेव्हा भिंतीच्या सावलीत मामा घोडी धरून उभे होते. घोडीचे पाय आरशासारखे चमकत होते आणि मामांचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे झाले होते. आत काय घडलं ते त्यांनी फाटकातून सगळं पाहिलेलं दिसत होतं. त्यांनी एकदा थोरल्याकडे पाहिलं, एकदा नालबंदबाईकडे, आणि घसा खाकरला.

"तुझ्या दारात माझी पण आणू का गं?"

"आणा, मामा," ती म्हणाली. "पण पाय धुऊन आणा."